गणपतीपुढे बेसबॉल

दिगूकाका येईपर्यंत आमच्या घरातली भांडणं साधी होती. पोळ्या जाड का झाल्या, हीटिंग कुणी चालू ठेवलं, पुण्याची माणसं शिष्ट की नागपूरची आळशी, अशी. आई पुण्याची आणि बाबा नागपूरचे, त्यामुळे शेवटचं भांडण लग्नापासून चालू होतं आणि त्याचा निकाल दोघांनाही नको होता. दिगूकाका म्हणजे बाबांचा आतेभाऊ. अमेरिकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा. तिथली कंपनी बुडाली, व्हिसा गेला, आणि इथे इंग्रजांच्या मुलखात, आमच्याच साउथहॅम्प्टनच्या बंदरात कंटेनरचा हिशेब ठेवणाऱ्या कुठल्याशा प्रोग्रॅमचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं म्हणून "दादा, घर भेटेपर्यंत पंधरा दिवस" असं म्हणत तो आमच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, उतरला आणि दोन वर्षं राहिला. त्याची बॅग उचलताना आईच्या कमरेत चमक भरली. तिला वाटलं, आत्याबाईंनी मसाले पाठवले असतील. बॅगेतून निघाला चामड्याचा एक अवाढव्य हातमोजा, घामाने पिवळी पडलेली टोपी आणि अमेरिकेच्या इतिहासावरची सात-आठ जाडजूड पुस्तकं. बाबांनी एक पुस्तक उचलून पाहिलं आणि म्हणाले, "दिग्या, तू? वाचतोस?" काका म्हणाला, "मॅच पाहायला लागलो नं दादा, तर हे लोक असे काहून वागून राह्यले ते समजून घ्यावं वाटलं. मग वाचत सुटलो."

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते. वर्गातल्या मुली केस सरळ करण्यात गुंतलेल्या होत्या आणि मला कशाचंच वेड नव्हतं, त्यामुळे जे पहिलं वेड दारात आलं ते मी घरात घेतलं. बेसबॉलचे सामने टीव्हीवर आम्ही झोपल्यावर लागायचे. काका टायमर लावून ते टेप करायचा आणि शनिवारी सकाळी आम्ही दोघं ते बघायचो. काका नागपुरी तर्री करायचा, पोह्यांवर इतकी ओतायचा की पोहे दिसेनासे व्हायचे. आई खोकत खिडक्या उघडायची. बाहेरचा गारठा आत, व्हिडिओची घरघर, वरच्या खोलीत ईमेल उघडायला बसलेल्या आईच्या मोडेमची किंचाळी, आणि मधेच काकाची आरोळी, "भाग बे, भाग!" निकाल आधी कुणी सांगायचा नाही असा कडक नियम होता. खरं म्हणजे साउथहॅम्प्टनमध्ये त्या निकालाशी आम्हा दोघांखेरीज कुणाला घेणंदेणंच नव्हतं, पण काका शुक्रवारी ऑफिसमध्येसुद्धा कानात बोळे घालून बसायचा म्हणे. सामना संपला की तो मला पुस्तकातलं एखादं पान वाचायला द्यायचा. सामन्यातलं काहीतरी त्या पानात असायचंच, आणि नसलं तरी तो ते घुसवायचा.

बाबांनी या खेळाचा निकाल पहिल्याच दिवशी लावला होता. "हा राउंडर्स आहे. इथे शाळेत मुली खेळतात तो. मोठमोठे बाप्ये पायजमे घालून राउंडर्स खेळतात आणि तुम्ही पोहे खात बघता." बाबा क्रिकेटचे. त्यांच्या दृष्टीने पाच दिवस चालून बरोबरीत सुटणारा सामना हे मानवी संस्कृतीचं शिखर होतं. त्यातून एक भयंकर गोष्ट घडली. भारताने लॉर्ड्सवर जिंकलेल्या एका सामन्याची टेप बाबांनी जिवापाड जपली होती. पाहुणे आले की ती लागायची. एकदा चार डॉक्टर मित्र जेवायला आले, टेप लावली, शेवटची षटकं आली, बाबा सोफ्याच्या कडेवर सरकले, गोलंदाज धावत निघाला, आणि पडद्यावर अचानक पट्टेरी पायजम्यातला एक धिप्पाड अमेरिकन येऊन पचकन थुंकला. काकाने त्याच टेपवर रेकॉर्ड केलं होतं. "दादा, तुम्हाला निकाल तर माहीतच होता नं," काका म्हणाला, आणि त्यानंतर तीन आठवडे बाबा त्याच्याशी आईमार्फत बोलले.

काकाचा सिद्धांत असा होता की अमेरिका समजून घ्यायची तर आधी त्यांचा खेळ बघावा, मग इतिहास वाचावा आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, त्यांच्या राष्ट्राध्यक्षाचं भाषण ऐकावं. इराकचं युद्ध सुरू झालं तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज त्याचा प्रयोग व्हायचा. आई विचारायची, अरे, पण जिंकले म्हणाले ना, मग घरी का जात नाहीत? काका भाताचा गोळा करत सांगायचा, "वहिनी, बेसबॉलमध्ये ड्रॉ नसते. बरोबरी झाली की पुढे खेळत राहायचं, पहाट झाली तरी. त्यांना हात हलवत घरी जायची सवयच नाही. इंग्रजांना आहे. पाच दिवस खेळले, काही नाही झालं, चहा प्यायले, निघाले. म्हणून तर ते आपल्याकडून गेले." बाबा उसळायचे. "ते चहा पिऊन गेले काय रे? आमचे आजोबा जेलमध्ये गेले होते!" मग स्वातंत्र्यलढा, मग फाळणी, आणि वरण गार.

मला मात्र तो खेळ मनापासून पटला तो वेगळ्याच कारणाने. दहापैकी सात वेळा जो हुकतो त्याला तिथे थोर फलंदाज म्हणतात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काकाला पुन्हा सांगायला लावलं. आमच्या घरात ब्याण्णव टक्के मिळाले तर उरलेले आठ कुठे सांडले याची चौकशी व्हायची. आणि चोरी! मैदानाच्या कोपऱ्यांत चार ठाणी असतात, त्यातल्या एकावरून पुढच्यावर चोरून पळायला तिथे परवानगी आहे, आणि कुणी किती चोरलं याचा हिशेब अभिमानाने छापतात. काकाने दिलेल्या पुस्तकात मी तेव्हा मूळ रहिवाशांच्या जमिनी कशा गेल्या ते वाचत होते, आणि माझ्या डोक्यात काहीतरी लखकन झालं. मग वर्ल्ड सिरीज नावाची स्पर्धा, जिच्यात सगळे घरचेच. "नावात जग आणि खेळणार आपणच," बाबा आईकडे बघत म्हणाले, "पुण्याच्या माणसांना हे समजावून सांगायला नको." मी लायब्ररीतून पुस्तकं आणू लागले. यादवी युद्ध, गुलामगिरी, रेल्वे, मंदी. आज मी जे शिकवते त्याचा सगळा पाया त्या तर्रीत आहे, असं मी एकदा विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, आणि तर्री म्हणजे काय ते समजावण्यात तास गेला.

भांडण खरं पेटलं ते मी युनिव्हर्सिटीत अमेरिकेचा इतिहास घेणार म्हटल्यावर. मी डॉक्टर होणार हे बाबांनी मला दात येत असताना ठरवलं होतं. बाबा ऑर्थोपेडिक्समध्ये होते, स्टाफ ग्रेड. म्हणजे काय ते इथल्या आपल्या डॉक्टरांच्या घरात मुलांनाही ठाऊक असायचं: काम कन्सल्टंटचंच, म्हणजे सगळ्यात वरच्या डॉक्टरचं, फक्त कन्सल्टंट म्हणायचं नाही. बाबांच्या हाताखाली हिप बदलायला शिकलेली पोरं कन्सल्टंट होऊन त्यांचेच साहेब झाली होती. बाबा त्याबद्दल घरात चकार शब्द काढत नसत. ते फक्त माझ्याबद्दल बोलायचे. "मुक्ता कन्सल्टंट होईल. इथली शिकलेली, इथलं बोलणं, तिला कोण अडवतं बघू."

"बाबा, मला ते नाही करायचं. मला हिस्ट्री करायची."

"कर की. आम्ही वाचत नाही इतिहास? डॉक्टर हो आणि वाच. आणि अमेरिकेला इतिहास आहेच कुठे? आमच्या घरामागची विहीर त्यांच्या देशापेक्षा जुनी आहे."

"विहिरीत कुणी डिग्री नाही करत, बाबा."

आईने भाजीचं भांडं जरा जोरात ठेवलं. काका ताटात बघत हसला, आणि बाबांनी ते पाहिलं. "हे सगळं तुझ्यामुळे, दिग्या. पंधरा दिवसांसाठी आला होतास."

कायद्याने मला बाबांच्या परवानगीची गरज नव्हती. शाळेतल्या मिस दररोज तेच सांगायच्या, "इट्स युअर लाइफ, मुक्ता." त्यांचं बरोबर होतं, पण त्यांना आमचं घर ठाऊक नव्हतं. बाबांचं 'हो' नसताना जाणं म्हणजे दर सुट्टीत घरी येऊन त्यांचं तोंड फिरवलेलं बघणं, आणि ते मला झेपलं नसतं. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत शाळेत सांगायचं होतं. मेडिसिनच्या अर्जाची मुदत बाकीच्या विषयांच्या आधी संपते. गणपती आले तेव्हा बाबांचा नकार कायम होता आणि गेला आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांशी फक्त "मीठ दे" एवढंच बोलत होतो.

त्या वर्षी बाबा आमच्या मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळ म्हणजे चर्चचा भाड्याचा हॉल, घडीच्या खुर्च्या, थर्मोकोलचं मखर आणि शंभर-दीडशे मराठी माणसं, त्यातली निम्मी हॉस्पिटलची. पण आमच्याकडे गणपतीत नुसतं जेवून भागत नाही, व्याख्यान लागतं. आधी व्याख्यान, मग आरती, मग जेवण, म्हणजे कुणाला पळता येत नाही. बाबांनी पुण्याच्या एका प्राध्यापकांना बोलावलं होतं. ते दोन तासांवरच्या इल्फर्डला भाच्याकडे उतरले होते. विषय जाहीर झाला होता: 'अमेरिका कुठे चालली?' कॉव्हेंट्रीहून खास पाहुणे आले होते. रविवारची दुपार, मसालेभाताचा वास सुटलेला, आणि बाबांच्या खिशातला मोबाइल वाजला. बाबा कोपऱ्यात गेले. आम्हाला फक्त त्यांची बाजू ऐकू येत होती. "हो सर... कुठे?... तलावापाशी?... कुठल्या तलावापाशी?" मग बाबांचा चेहरा उतरला. प्राध्यापक देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंडमध्ये होते. भाच्याने त्यांना बसच्या टूरवर बसवलं होतं, आणि देश एवढासा, येताना वाटेत साउथहॅम्प्टनला उतरू, असा त्यांचा हिशेब होता. वर ते म्हणाले की तिथल्या तलावात राहतो म्हणतात तो अजस्र प्राणी काही दिसला नाही.

"लवकर आरती करू," आई म्हणाली.

"भात अजून कच्चा आहे, तूच म्हणालीस! आणि देशकर आलाय समोर. जन्मभर ऐकवेल."

देशकरकाका म्हणजे बाबांचे नागपूरचे वर्गमित्र. इथे आल्यावर त्यांनी वारं ओळखून म्हाताऱ्यांचा विभाग धरला, जिथे गोऱ्या डॉक्टरांना जायचं नव्हतं, आणि तिथे ते कन्सल्टंट झाले होते. पहिल्या रांगेत, सुटात.

तेवढ्यात दिगूकाका पुढे आला. "मुक्ता बोलेल नं, दादा. विषय अमेरिकाच आहे."

"काही काय बोलतोस! ती काय बोलणार?"

"तीन महिने झाले, जेवताना बोलूनच राह्यली आहे."

बाबांनी घड्याळ पाहिलं, देशकरकाकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तशी मी काडी होते. "वीस मिनिटं," ते म्हणाले. "आणि ते राउंडर्सचं काही काढू नकोस."

मला दुसरं काही येतच नव्हतं. मी माइकसमोर उभी राहिले. माझं मराठी अगदीच लटपटत होतं. "नमस्कार. बेसबॉल हा एक गेम असते," मी सुरुवात केली आणि मागच्या रांगेतली मुलं फिदीफिदी हसली. पण एकदा बोलू लागल्यावर मला थांबता येईना. ड्रॉ नसण्याचं सांगितलं, चोरीचं सांगितलं, जमिनींचं सांगितलं. लोक चक्क ऐकत होते. मधूनच एक आजोबा "म्हणजे आपला विटीदांडूच हा" असं शेजाऱ्याला मोठ्याने समजावत होते. आई किचनच्या दारात झाऱ्यासकट उभी होती. मग मी एका पिचरची गोष्ट सांगितली. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, हे सांगून.

ती गोष्ट मी काकाच्या पुस्तकातून उचललेली होती. काळ्या खेळाडूंना तेव्हा मोठ्या लीगमध्ये घेत नसत. "तसा काही रूल नव्हता," मी म्हटलं. "कुठे लिहिलं नव्हतं. कोणी नाही पण म्हणायचं नाही. फक्त घ्यायचे नाहीत." हा माणूस सगळ्यात चांगला होता. मोठ्या लीगमधले गोरे खेळाडू ऑफ सीझनला त्याच्याविरुद्ध खेळायचे आणि त्याच्याकडून शिकून जायचे, आणि सीझन आला की ते आत आणि हा बाहेर. गावोगाव बसमधून फिरायचा. "ही वॉज ट्रेनिंग देम," मी इंग्रजीत घसरले, "अँड दे गॉट द जॉब." शेवटी त्याला घेतलं तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती, केस पांढरे झाले होते.

हॉल एकदम गप्प झाला. विटीदांडूचे आजोबासुद्धा. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं, एखादा वाईट शब्द बोलले की काय. मग मी समोर पाहिलं. पहिल्या चार रांगांत बाबांच्या वयाचे डॉक्टर बसले होते, सगळ्यांचे केस पांढरे, आणि एकही जण माझ्याकडे बघत नव्हता. सगळे आपापल्या हातांकडे बघत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते. शप्पथ सांगते, मी बाबांचा विचार करून ती गोष्ट निवडली नव्हती. बाबा पुढे त्याच स्टाफ ग्रेडवरून रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी त्यांना घड्याळ मिळालं. पण त्या दुपारी हे काही मला ठाऊक नव्हतं. मला फक्त रडू येऊ लागलं होतं आणि माइकसमोर रडायचं नव्हतं.

शांतता मोडली ती देशकरकाकांनी. "छान बोललीस हो, बेटा. पण खरं सांगू का, अमेरिकेला इतिहास असा आहे किती? दोनशे-सव्वादोनशे वर्षं. त्यात अभ्यास करण्यासारखं काय आहे?"

बाबा आभार मानायला दुसरा माइक हातात घेऊन उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. हे वाक्य त्यांचंच होतं, आता ते मान डोलावतील असं मला वाटलं.

"देशकर," बाबा म्हणाले, "खाली बस."

"अरे, मी बसलेलाच आहे."

"मग नीट बस. दोनशे वर्षं काय दोनशे वर्षं! दोनशे वर्षांत त्यांनी राजा हाकलला, आपापसात लढून गुलाम सोडवले, आणि सोडवलेल्या माणसांना पुन्हा शंभर वर्षं मैदानाबाहेर उभं केलं. सगळं करून बसले. तुला यात अभ्यासासारखं काही दिसत नाही? आमच्या घरामागे विहीर आहे, चारशे वर्षांची. तिने काय केलं चारशे वर्षांत? नुसतं पाणी भरलं!" टाळ्या वाजू लागल्या. बाबांना टाळ्यांची सवय नव्हती, ते आणखी चढले. मी तीन महिने टेबलावर मांडलेला एकेक मुद्दा, जो त्यांनी दर वेळी उडवून लावला होता, तो त्यांच्या तोंडून क्रमवार बाहेर पडत होता, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या मराठीत. ड्रॉ न कळणाऱ्या देशाबद्दल तर ते इतकं सुंदर बोलले की दिगूकाका माझ्या कानात म्हणाला, "हे तर माझं आहे बे!"

देशकरकाकांना हार मानायची सवय नव्हती. "ते ठीक आहे रे. पण मुलीला काही तू इतिहासाला घालणार नाहीस ना? मेडिसिनच ना?"

"इतिहास," बाबा माइकमध्ये गरजले. "अमेरिकेचा. ठरलंय आमचं."

माइकने शिटी मारली. किचनच्या दारात आईच्या हातातला झारा खाली पडला. बाबांनाही आपला आवाज हॉलच्या मागच्या भिंतीवरून परत ऐकू आला असावा, कारण ते क्षणभर उघड्या तोंडाने तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आरती," आणि भात कच्चा असूनही आरती झाली. जेवताना लोक येऊन त्यांचा हात हातात घेत होते. "काय धाडस आहे हो तुमचं!" बाबा मसालेभातातले काजू वेचत म्हणत होते, "छे, त्यात काय. आमचं केव्हाचंच ठरलं होतं." ते खोटं ते इतक्या मनापासून बोलत होते की मलाही खरं वाटू लागलं. दीडशे मराठी माणसांसमोर, गणपतीपुढे, माइकवर बोललेला शब्द मागे घेणं आमच्या बाबांच्या रक्तात नव्हतं, हे आईला आणि मला पक्कं माहीत होतं.

घरी निघालो तेव्हा अजून उजेड होता. काका मागे उरलेल्या भाताचं पातेलं मांडीवर घेऊन पेंगत होता. बाबा गाडी चालवत होते. एका सिग्नलला म्हणाले, "बोलून बसलो."

"हो, बसलात खरं," आई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला खरंच नको असेल तर..."

"गप्प बस. अध्यक्ष आहे मी." सिग्नल हिरवा झाला. बाबांनी गाडी पुढे काढली. मग आरशात माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तो तुझा पिचर."

"काय बाबा?"

"शेवटी घेतला म्हणालीस त्याला. इतक्या उशिरा. मग पुढे काय झालं? खेळता आलं त्याला, की आपलं नुसतंच?"

"खेळला ना, बाबा. पोरांना त्याचा चेंडू दिसत नव्हता."

आईने बाबांच्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"खेळणारच," बाबा म्हणाले. "हात थोडाच विसरतो."